परदेशी फंडिंग मिळेल का? आधी मावसभावाचा पासपोर्ट विचारा

तुम्ही विचारलंय की गोव्यात डिचोलीतल्या तुमच्या दोन वर्षांच्या संस्थेला परदेशी फंडिंग मिळेल का, आणि लंडनचा मावसभाऊ पैसे द्यायला तयार आहे तर ते सरळ खात्यावर घेतले तर चालतील का. मी पेडण्यात एका संस्थेचे हिशेब बघते, त्यामुळे आधी मावसभावाचंच सांगते.

त्याचा पासपोर्ट कुठला ते आधी विचारा. भारतीय पासपोर्ट असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवत असेल तर ते परदेशी योगदान धरत नाहीत. पण आपल्याकडच्या कितीतरी जणांसारखा त्यानेही पोर्तुगीज पासपोर्ट घेतला असेल, तर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) असलं तरी तो कायद्याने परदेशीच, आणि एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालचं रजिस्ट्रेशन, नसताना त्याचे 5 हजारसुद्धा संस्थेच्या खात्यात घेऊ नका. तुम्हाला वैयक्तिक पाठवले तर वेगळं, पण ते मग संस्थेकडे वळवू नका.

आता एफसीआरए. रजिस्ट्रेशनला संस्था 3 वर्षं जुनी लागते आणि त्या 3 वर्षांत कामावर किमान 15 लाख खर्च झालेला लागतो. पूर्वी निदान मोठी रजिस्टर्ड संस्था पैसे आणून दुसऱ्या छोट्या रजिस्टर्ड संस्थेला पुढे देऊ शकायची, 2020 च्या दुरुस्तीने ते पूर्ण बंद झालं. त्याच दुरुस्तीने परदेशी पैशातून करायच्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 वरून 20 टक्क्यांवर आणली, आणि परदेशी पैसा आधी स्टेट बँकेच्या दिल्लीच्या मेन ब्रँचमधल्या खात्यातच यायला लागतो. गावात काम करणाऱ्यांना याचा सगळ्यात जास्त फटका बसलाय असं माझं स्पष्ट मत आहे, कारण मोठ्या संस्था दिल्लीत खातं उघडून मोकळ्या झाल्या, पण गावात खर्च मुख्यतः पगारावरच होतो, आणि काम करणाऱ्या बायांचा पगार प्रशासकीय खर्चात धरला की 20 टक्के कुठेच पुरत नाहीत.

आणि मला खरं वाटतं ते हे. 2008 ला घाना देशात अक्रा इथे परदेशी मदतीवरच्या बैठकीत सरकारांनी लिहून दिलं की नागरी संस्था विकासातल्या स्वतंत्र घटक आहेत, म्हणजे माझ्या मते नुसत्या कंत्राटदार नाहीत. पण आमच्याकडे एका देणगीदाराचा प्रस्ताव आला तो बायकांच्या ट्रेनिंगचा, आणि गावाला हवी होती मानशीची (बांधातल्या पाणी अडवायच्या दाराची) दुरुस्ती, कारण ते दार कुजलेलं, खारं पाणी खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतात, घुसून भातशेती जात होती. आम्ही सांगितलं, पण फॉर्ममध्ये बांधाला रकानाच नव्हता! ट्रेनिंग झालं, फोटो गेले, शेत तसंच पडून. मला ते आजही खटकतं. म्हणून कोणीही पैसे देऊ केले तर पहिल्या मीटिंगलाच विचारा, बजेट कोण बनवणार आणि मध्ये गरज बदलली तर आम्हाला खर्च बदलता येईल का.

तुमच्या जागी मी सध्या एफसीआरएच्या मागे लागले नसते. 12ए, 80जी या आयकर सवलतीच्या नोंदण्या करून घ्या, दर्पण या संस्थांच्या सरकारी पोर्टलवर नोंद करा, आणि कामाला 3 वर्षं झाली की सीएसआर, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक निधीचा, फॉर्म भरा, 2013 च्या कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचा 2 टक्के सामाजिक कामावर खर्च करावाच लागतो आणि तो पैसा सहसा भारतातलाच. एखादा परदेशी देणगीदार अगदी पक्का असेल तर रजिस्ट्रेशनशिवाय प्रायर परमिशन मागता येते, त्या एका देणगीदारासाठी, त्या ठरलेल्या रकमेसाठी, त्याचं लेखी पत्र जोडून. मावसभाऊ पोर्तुगीज पासपोर्टवर असेल आणि रक्कम मोठी असेल तर हाच रस्ता, पण अर्ज करायच्या आधी सीएला कागद दाखवा आणि परवानगी हातात येईपर्यंत एक पैसा खात्यावर येऊ देऊ नका.