भारत-अमेरिका अणुकराराच्या वादात ‘हाइड कायदा’ हे नाव सतत ऐकू यायचं. हे हेन्री हाइड नेमके कोण?

इलिनॉयमधून १९७५ ते २००७ अशी ३२ वर्षं अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात असलेले रिपब्लिकन. आपल्याकडे त्यांचं नाव अणुकरारामुळे आलं, पण तिकडे ‘हाइड’ म्हटलं की आधी गर्भपाताचा विषय निघतो.

जन्म १९२४, शिकागो. घर कॅथलिक, डेमोक्रॅट मतांचं. दुसऱ्या महायुद्धात नौदल, मग वकिली, आणि पुढे पक्ष बदलला. १९७४ मध्ये निक्सन यांच्या वॉटरगेट प्रकरणामुळे रिपब्लिकन धडाधड पडत असताना हे निवडून आले.

पहिल्याच टर्ममध्ये, १९७६ साली, त्यांनी आरोग्य खात्याच्या वार्षिक खर्चाच्या विधेयकाला पुस्ती जोडली: गरिबांच्या मेडिकेड योजनेतला केंद्राचा पैसा गर्भपातासाठी वापरायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९७३ च्या ‘रो विरुद्ध वेड’ निकालामुळे तेव्हा गर्भपातावर बंदी घालता येत नव्हती. पैसा मात्र अडवता येत होता. आणि एका ओळीसाठी अख्ख्या खात्याचा खर्च रोखून धरणं विरोधकांना जड जातं. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद ५ विरुद्ध ४ मतांनी वैध ठरवली. तो कायमचा कायदा आहे असं अनेकांना वाटतं. तसं नाही. खर्चाचं विधेयक वर्षापुरतं, म्हणून पुस्तीही दरवर्षी नव्याने जोडावी लागते. अपवादही बदलत गेले: आधी फक्त आईच्या जिवाला धोका, मग बलात्काराचाही अपवाद आला, मधे तो काढला गेला आणि १९९३ मध्ये परत आला. हाइड यांच्या श्रद्धेबद्दल मला शंका नाही, पण झळ बसली ती गरीब बायकांनाच.

१९९८ मध्ये न्याय समितीचे अध्यक्ष म्हणून राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्यावरचा महाभियोग त्यांनीच चालवला. दोषी ठरवायला सेनेटमध्ये ६७ मतं हवी होती. एका आरोपावर ४५ पडली, दुसऱ्यावर ५०. पक्षाचं सगळंच मात्र ते ऐकत नसत: १९९४ ची असॉल्ट रायफलबंदी त्यांना मान्य होती आणि खासदारकीला मुदतीची मर्यादा घालायला त्यांचा विरोध होता.

आता आपला कायदा. २००६ मध्ये ते परराष्ट्र व्यवहार समितीचे अध्यक्ष होते आणि निवृत्त होत होते, म्हणून कायद्याला त्यांचं नाव दिलं गेलं. १९५४ च्या अमेरिकी अणुऊर्जा कायद्यातल्या अटींतून भारताला सूट देण्याचा अधिकार त्याने राष्ट्राध्यक्षांना दिला. वाद पेटला तो कलम १०६ वर: भारताने अणुचाचणी केली तर सूट संपणार. भारताच्या १९७४ च्या चाचणीनंतर अमेरिकेने तारापूर अणुवीज केंद्राचं इंधन कसं अडवलं, हे ज्यांना आठवत होतं त्यांना ही अट टोचणारच होती. करारावर सह्या झाल्या १० ऑक्टोबर २००८ ला. हाइड त्याआधीच, नोव्हेंबर २००७ मध्ये, वारले होते.