खापरपणजोबा साताऱ्याचे, इंग्रजांच्या पलटणीत शिपाई. बायकापोरं गावीच राहिली असतील का?

तसंच असेल असं नाही. मुंबई फौजेत बऱ्याच शिपायांची बायकापोरं छावणीतच, लायनीत (शिपायांच्या वस्तीत) राहायची. साताऱ्याशी जोडलेलं उदाहरण सुभेदार रामजी सकपाळांचं: महूच्या छावणीत १८९१ मध्ये बाबासाहेब जन्मले, पेन्शनीनंतर कुटुंब साताऱ्याला आलं आणि ७ नोव्हेंबर १९०० ला इथल्या शाळेच्या रजिस्टरात ‘भिवा रामजी आंबेडकर’ हे नाव चढलं. पण रामजी सुभेदार, म्हणजे शिपायापेक्षा वरच्या हुद्द्यावरचे होते. साध्या शिपायाला महिना ७ रुपये, १८९५ पासून ९, त्यातच स्वतःचं खाणंपिणं. त्यामुळे काहींचं बिऱ्हाड गावीच राही. घरच्या जुन्या कागदांत मुलांची जन्मगावं बघा. महू, पुणे, अहमदनगर अशी छावणीची गावं निघाली, तर बहुधा कुटुंब पलटणीबरोबर फिरलंय.