मनात काही नसतं, तरी टीम गप्प का?

प्रश्न : मी आठ जणांची टीम सांभाळते. स्वभाव फटकळ आहे, पण मनात काही नसतं. हल्ली मीटिंगमध्ये कुणी तोंड उघडत नाही, चुका डेडलाइनच्या आदल्या दिवशी कळतात, आणि सगळ्यात हुशार मुलगा सोडून गेला. आता काय, नुसतं कौतुक करत बसू?

उत्तर : नका बसू. तुमच्या मनात काय असतं ते तुम्हाला ठाऊक. समोरच्याला फक्त शब्द ऐकू येतात, तेही सगळ्यांदेखत. चारचौघांत बोलणी खाणारा माणूस चूक कशी सुधारायची याचा विचार करत नाही, अब्रू कशी वाचवायची याचा करतो. आणि बाकीचे सात जण धडा घेतात : वाईट बातमी आपण न्यायची नाही. तुमची डेडलाइन तिथे अडकते.

क्लुगर आणि डेनिसी या संशोधकांनी 1996 मध्ये अभिप्रायावरचे शेकडो निष्कर्ष एकत्र तपासले. सरासरीने काम सुधारलं होतं, पण एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी उलट खालावलं होतं. त्यांच्या मते लक्ष कामावरून स्वतःवर वळलं की अभिप्रायाचा उपयोग घटतो. म्हणून 'तू नेहमी निष्काळजीपणा करतोस' हे वाक्य वाया जातं. त्याऐवजी : 'कालच्या अहवालात तिसऱ्या पानावरची बेरीज चुकली, ग्राहकाचा फोन आला. पाठवण्याआधी तपासतोस कसं?' हे एकट्यात, समोरासमोर, शक्यतो दुसऱ्या दिवसाच्या आत. चॅटवर नको, तिथे आवाजाचा सूर पोचत नाही. आणि शुक्रवारी संध्याकाळी नुसतं 'सोमवारी बोलायचंय' असं तर कधीच लिहू नका. दोन सुट्ट्या जातात बिचाऱ्याच्या.

कौतुकालाही हाच नियम. 'मस्त काम' म्हणजे काय केलं ते कळत नाही. 'तू यादी आधी जुळवून घेतलीस म्हणून दुरुस्त्या निघाल्या नाहीत' म्हटलं की पुढच्या वेळीही यादी जुळवली जाते. टीकेच्या आधी-नंतर कौतुक चिकटवायची पद्धत मात्र सोडा. लोक 'पण'ची वाट बघू लागतात, आणि खरं कौतुकही संशयास्पद वाटतं.

'कुणाला काही प्रश्न?' याला उत्तर शांतताच असतं. 'यात सगळ्यात आधी काय अडकेल?' असं विचारा, मनात दहापर्यंत मोजा, आणि स्वतःचं मत शेवटी द्या.

ज्याला सर्वांसमोर बोललात त्याची माफीही सर्वांसमोर मागा, एका वाक्यात, पुढे 'पण' न जोडता. लगेच कुणी विश्वास ठेवणार नाही. काही दिवसांनी कुणीतरी एखादी छोटी चूक घेऊन येईल, चाचपून बघायला. तेव्हा एवढंच म्हणा : 'बरं झालं आत्ता सांगितलंस. हातात किती वेळ आहे?' कारणं दुसऱ्या दिवशी शोधा.