आधी हात बघ

प्रिय,

तुझा मेसेज रात्री पावणेदोनचा. म्हणजे शेवटची लोकल चुकल्यावर स्टुडिओच्या पायरीवर बसून लिहिलेला. जूनच्या अंकासाठी प्रेमात पडलेल्या दोन मुली, स्टायलिस्टचं "अजून जवळ, ओठ थोडे उघडे, नजर कॅमेऱ्यात", आणि तू रिफ्लेक्टर धरून उभा. मग मला प्रश्न: "ताई, हे प्रतिनिधित्व की बाजार? सोडू का हे काम?"

पहिला प्रश्न परिसंवादाला ठेव. फॅशनचं मासिक विकायलाच निघतं. तू मला एवढंच सांग, त्या मुलींचे हात कुठे होते?

आठवत नाही ना? चार तास समोर होतास. मला त्याचाच राग आला.

एर्विंग गॉफमन नावाच्या समाजशास्त्रज्ञाचं जाहिरातींतल्या बायका-पुरुषांवरचं पुस्तक १९७९ साली आलं. ढीगभर छापील चित्रं शेजारीशेजारी लावून त्याने दाखवलं, की पुरुषाचा हात वस्तू पकडतो आणि बाईची बोटं ती नुसती कुरवाळतात. मान कलती, एक गुडघा दुमडलेला, पलंगावर किंवा जमिनीवर आडवी, ती बहुधा बाईच. हे मी वाचलं तेव्हा माझ्या मासिकातल्या नोकरीला अकरा वर्षं झाली होती.

त्या अकरा वर्षांतलीच गोष्ट. आमच्याकडे एका कबड्डीपटू मुलीचे फोटो आले. भरजरी साडी, दागिने, सगळं आमच्या स्टायलिस्टचं. हात मात्र तिचे. कंबरेवर रोवलेले, शिरा तटतटलेल्या, करंगळी मोडून वाकडी जुळलेली. संपादक म्हणाले, "हात पुरुषी दिसतायत, बघ काहीतरी." मी बघितलं. शिरा पुसल्या, करंगळी सरळ केली, एक हात क्रॉपमध्ये उडवला. अंक निघाल्यावर ती ऑफिसात आली. भांडायला नाही, पाच प्रती विकत घ्यायला. हसत म्हणाली, "हात कुणाचे लावलेत हो?"

ठाण्याच्या घराचे हप्ते होते. कला विभागात मी एकटी बाई होते. मी नाही म्हटलं असतं तर शेजारच्या टेबलावरच्याने नखांना रंगही चढवला असता. हे खरं आहे. निदान इतकी वर्षं मी तरी ते खरं धरून चालले आहे.

आता तू म्हणशील, हाताचं काय घेऊन बसलीस, अंगावर कपडे किती ते बघ. तेच तर सगळे बघतात. १९९५ मध्ये मधु सप्रे आणि मिलिंद सोमण बुटांच्या जाहिरातीत आले, पायात बूट, गळ्याभोवती अजगर, बाकी काही नाही. खटला १४ वर्षं चालला, २००९ मध्ये सुटले. तेवढ्या काळात घरोघरी झालेल्या वादांत मी इंचपट्टीच ऐकली. अरे, नऊवारीत पदर घेतलेली बाईसुद्धा शोभेच्या बाहुलीसारखी उभी करता येते. मी केल्या आहेत.

कपड्यांची अदलाबदल केली म्हणजे सुटलो, असंही नाही. डिसेंबर २०२० च्या अंकात 'व्होग' या फॅशन मासिकाच्या अमेरिकन आवृत्तीच्या मुखपृष्ठावर पहिल्यांदा एकटा पुरुष आला, गायक हॅरी स्टाइल्स, झगा घालून. केवढा गहजब झाला! आपल्या आज्या-पणज्या बालगंधर्वांचं बघून नेसण्याच्या तऱ्हा उचलत होत्या, त्याला शंभर वर्षं झाली.

फॅशन फोटोग्राफर हेल्मुट न्यूटनचा १९७५ चा फोटो काढून बघ. फ्रेंच 'व्होग'साठी, पॅरिसच्या एका गल्लीत, रात्री. डिझायनर इव्ह सँ लॉराँचा पुरुषी सूट घातलेली बाई, एका हातात सिगारेट, दुसरा खिशात. खिशात! बायकांच्या कपड्यांना खिसा मिळायची मारामार, आणि ही त्यात हात घालून निवांत उभी. मग त्याच गल्लीतली दुसरी फ्रेम बघ. तिच्याजवळ विवस्त्र बाई आहे, पायात उंच टाचा. या दोघी एकमेकींसाठी उभ्या आहेत की बघणाऱ्यासाठी? मी तीस वर्षं तो फोटो बघतेय, दर वेळी उत्तर बदलतं. तुझ्या त्या दोघींचं मात्र मला न बघता कळलं. प्रेमात असलेलं माणूस कॅमेऱ्यात कशाला बघत बसेल?

काम सोडू नकोस. सोडणाऱ्याची जागा दुसऱ्या दिवशी भरते. पुढच्या वेळी लाइट लावता लावता हळूच त्या मुलींनाच विचार, "तुम्ही एरवी हात कसे धरता?" स्टायलिस्ट डोळे वटारेल, वटारू दे. एक फ्रेम तशी मिळाली तरी निवडीच्या वेळी ती टेबलावर असेल. मी तीही कधी ठेवली नाही.

आणि रविवारी ये. त्या कबड्डीवालीची मूळ ट्रान्सपरन्सी, म्हणजे फोटोची पारदर्शक फिल्म, मी ऑफिसातून उचलून आणली होती, कपाटात आहे. लाइटबॉक्स अजून चालतो. भिंग तुझं आण, माझ्या भिंगाला चरा गेलाय.

ताई