बटण एकदाच दाबलं, मग दिवा असा का वागतो?

प्रश्न: आर्डुइनो ऊनो या प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डवर २ नंबरच्या पिनला बटण आणि १३ ला एलईडी लावलाय, एकदा दाबलं की लागावा परत दाबलं की विझावा असं हवंय. पण कधी हात न लावताच लागतो, कधी दाबूनही तसाच राहतो. बोर्ड खराब आहे का?

उत्तर: नाही हो, बोर्ड बहुतेक ठणठणीत आहे. हात न लावता दिवा लागतो कारण बटण सुटलेलं असताना पिन लोंबकळत असते, म्हणजे कशालाच जोडलेली नसते, आसपासच्या विजेच्या गोंधळाने तिला कधी ० दिसतो कधी १. प्रोग्रॅममध्ये पिन कशी वापरायची ते सांगणाऱ्या पिनमोडमध्ये इनपुट पुलअप लिहा, म्हणजे बोर्डाच्या आतलाच रेझिस्टर पिनला एरवी १ वर धरून ठेवेल, आणि बटणाचं दुसरं टोक ग्राउंडला जोडा, वेगळा रेझिस्टर नको, फक्त आता दाबल्यावर लो, म्हणजे ०, मिळेल, तिथे बरेच जण फसतात.

दुसरी गोष्ट, बटणातली पत्री दाबताना काही मिलिसेकंद थरथरते आणि बोर्ड इतका फास्ट की एक दाब त्याला चार-पाच वाटतात, सम आकडा आला की दिवा होता तसाच! म्हणून बदल दिसला की ५० मिलिसेकंद थांबून परत वाचा, आणि हाय (१) वरून लो (०) झालं तेव्हाच दिवा पलटवा.

आणि हो, चार पायांच्या बटणात दोन-दोन पाय आतून जोडलेलेच असतात, म्हणून वायरी तिरक्या कोपऱ्यांना लावा.