कुंदा की कोडॅक?

‘धंदा बरा चाललाय, गिऱ्हाईक ठरलेलं आहे, मग नवं काही करायची खाज कशाला?’ बेळगावात बापलेकाच्या भांडणातून माझ्यापर्यंत येणारा हा नेहमीचा प्रश्न. त्यातलं एक घर सांगते. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीत त्यांचं मशीन शॉप, कंपन्यांसाठी क्रँकशाफ्ट (इंजिनातला फिरता मुख्य दांडा) करून द्यायचं जॉबवर्क. वडील साठीचे, मुलगा एकोणतिशीचा इंजिनिअर. मुलाला नव्या कामासाठी महागडं मशीन हवं होतं, वडिलांना नको होतं. दोघं एका ताटाला बसेनासे झाले, तेव्हा आई त्यांना माझ्याकडे घेऊन आली.

मुलगा फोटोची फिल्म बनवणाऱ्या कोडॅक कंपनीचा दाखला द्यायचा. डिजिटल कॅमेरा १९७५ साली त्यांच्याच इंजिनिअरनं बनवला, पण जीव फिल्ममध्ये अडकला आणि २०१२ साली दिवाळखोरी. वडिलांचं उत्तर कुंदा, बेळगावची दुधाची मिठाई. “आमच्या आजोबांच्या वेळेला होता तसाच आहे की! खपायचा थांबलाय काय?”

मी घरातल्या भांडणांची समुपदेशक, धंद्याची सल्लागार नव्हे. म्हणून साधंच विचारलं, “काका, गेल्या काही वर्षांत दर किती वाढवून मिळाला?”

ते हसले. “वाढवून? कंपनीवाले दरवर्षी कमीच करा म्हणतात.”

“मग टिकलात कसे?”

यावर ते अर्धा तास बोलले. साध्या लेथवरून सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारी मशीन कशी आणली, स्वतः फिक्श्चर (काम पकडून ठेवायची चौकट) बनवून दोन तासांचं सेटिंग पंचवीस मिनिटांवर कसं आणलं, रिजेक्शन कसं उतरवलं. माल तोच, करायची रीत मात्र दर चार वर्षांनी वेगळी. मुलगा हे पहिल्यांदाच ऐकत होता. मग आई हळूच म्हणाली, त्या सीएनसीच्या कर्जापायी तिच्या पाटल्या सात वर्षं गहाण होत्या. काका खिडकीबाहेर बघत राहिले. भीती नव्याची नव्हतीच, बँकेची होती.

मुलाचा मुद्दा खोटा नव्हता. विजेच्या गाडीत क्रँकशाफ्टच नसतो. पण ट्रॅक्टर आणि डिझेल पंप उद्या सकाळी बंद पडणार नाहीत, म्हणजे हाताशी वेळ होता. त्याला मी चांगलंच खडसावलं. चाळीस लाखांचं मशीन मागतोस, हातात ऑर्डर एक नाही. कोडॅक तोंडपाठ, गिऱ्हाईक कुठलं?

शेवटी ठरलं ते असं: जुन्यातलंच एक मशीन, रात्रीची पाळी, सहा महिने, कर्ज नाही. मुलानं गावातल्याच हायड्रॉलिकवाल्यांसाठी (तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रं बनवणाऱ्यांसाठी) नमुने करायचे. वडिलांनी मधे बोलायचं नाही. (हे कलम आईचं.)

पहिले दोन नमुने परत आले. तिसरा पास झाला, ऑर्डर मात्र लहानशीच. तिसऱ्याच्या वेळी वडील रात्री अकराला “सहज” शॉपवर गेले होते आणि मायक्रोमीटर घेऊन दोनपर्यंत बसले, असं आईनं फोनवर सांगितलं. कलम मोडलं म्हणून ती तक्रार करत होती.

मोठ्या मशीनचा विषय अजून निघालेला नाही.