आधी तारीख बदल, मग आईशी बोल

प्रश्न : ताई, मी २९ वर्षांची आहे, सांगलीत बँकेत नोकरी करते. दिवाळीनंतर पंधरा दिवसांची रजा काढून एकटीच सॅक घेऊन व्हिएतनामला जावं म्हणतेय. हनोई, हुए, होई आन आणि शेवटी सायगाव. मी शाकाहारी आहे. व्हिसा एजंटकडून काढू का? तिथे स्कूटर भाड्यानं घ्यावी का? आई म्हणते, ‘लग्न झाल्यावर दोघं जा.’ तिला कसं समजावू?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आईचं नंतर बघू, आधी तारीख बदल. ऑक्टोबर-नोव्हेंबरात हुए-होई आनच्या पट्ट्यात धो धो पाऊस असतो. होई आनच्या जुन्या गल्ल्यांत नदी शिरते आणि माणसं दारातून होडीत बसतात. जानेवारीअखेर ते फेब्रुवारी ‘तेत’चा काळ, म्हणजे त्यांचं नवं वर्ष, दुकानं बंद, गाड्या भरलेल्या. मार्च म्हणाले असते, पण तुम्हा बँकवाल्यांचं मार्चएंड. एप्रिल धर. उकडेल, पण एप्रिलात सांगलीत तरी कुठे थंडी असते?

व्हिसाला एजंट नको. सरकारी ई-व्हिसा एकदाच्या प्रवेशाचा २५ डॉलरला मिळतो, ९० दिवसांपर्यंतचा. सरकारी वाटणाऱ्या खासगी साइट्स जास्त पैसे घेतात, तेवढं बघ. आपल्याकडे घोळ होतो तो नावाचा. पासपोर्टवर तुझ्या नावापुढे वडिलांचं नाव असेल, तर अर्जातही ते तसंच्या तसं हवं. कुठे उतरणार तेही अर्जातच निवडायचं असतं. हनोई लिहिलंस की हनोईलाच उतर.

पहिल्या दोन रात्रींची खोली इथूनच ठरवून जा. पुढचं मोकळं ठेवलंस तरी चालेल. मी ५२व्या वर्षी पहिल्यांदा एकटी निघाले, तीही हनोईलाच, आणि पोचले रात्री अकराला. टॅक्सीवाल्यानं मला त्याच नावाच्या भलत्याच हॉटेलात उतरवलं. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, तुमची खोली गेली, दुसरी आहे, दुप्पट भाड्याची. पाय इतके भरून आले होते की मी मुकाट पैसे मोजले. सकाळी कळलं, माझं खरं हॉटेल तीन गल्ल्या पलीकडे होतं. तेव्हा दिवसाउजेडी पोचणारं विमान बघ, आणि पाटीवरचा घरनंबर जुळल्याशिवाय टॅक्सी सोडू नकोस.

नोटांचंही तसंच. वीस हजारांची नोट निळी आणि पाच लाखांचीही निळसर. एका फुटपाथवर चहा पिऊन मी वीस हजार समजून पाच लाख दिले, म्हणजे आपले दीड हजारांहून जास्त रुपये. दहा पावलं गेले असेन-नसेन, तर चहावाली आजी मागून ओरडत आली. माझी नोट तिनं माझ्याच नाकासमोर धरली, शून्यांवर बोट ठेवून एकेक मोजून दाखवलं आणि खो खो हसली. त्या दिवसापासून पाच लाखांच्या नोटा वेगळ्या कप्प्यात.

खाण्याचा शब्द पाठ कर : ‘चाय’. म्हणजे शाकाहारी. (हनोईत चहाला ‘चा’ म्हणतात, त्यामुळे माझी पहिले दोन दिवस पुरती गंमत झाली.) नुसतं ‘भाजी द्या’ म्हणून भागत नाही, कारण भाजीतही माशाचं ‘नुओक माम’ पडतं. चांद्रमहिन्याच्या पहिल्या तिथीला आणि पौर्णिमेला तिथले बरेच बौद्ध लोक चायच खातात, आपल्या एकादशीसारखं, त्यामुळे शोधलंस की सापडतं. शिवाय मेतकूट ने. गरम भात कुठेही मिळतो.

स्कूटर नको. भाड्यानं देणारा परवाना विचारत नाही, अपघात झाला की विमा कंपनी विचारते. हुए ते दा नांग रेल्वेनंच जा, डावीकडची खिडकी धर. हाय वान घाटात रूळ डोंगराच्या कडेकडेनं जातात आणि खाली समुद्र. होई आन तिथून जवळच आहे.

सॅक ७ किलोंच्या आत ठेव. भरून झाली की पाठीला लाव आणि आयर्विन पूल दोनदा ओलांड. दुसऱ्या फेरीत जी वस्तू डोळ्यांसमोर येईल ती घरी ठेव.

आता आई. ‘लग्न झाल्यावर दोघं’ यावर माझ्याकडे एकच पुरावा आहे : तीस वर्षं ‘दोघं जाऊ’ म्हणत आमची गाडी महाबळेश्वरच्या पुढे गेली नाही. पण हे आईला सांगू नकोस. ‘काळजी करू नकोस’ असंही म्हणू नकोस, ती करणारच. कागदावर मुक्कामांचे पत्ते आणि गाडीचे नंबर लिहून फ्रिजवर लाव. फोनची वेळ एकच ठरव. तिथलं घड्याळ दीड तास पुढे, म्हणजे तुझे रात्रीचे नऊ म्हणजे आईचे साडेसात, दिवा लावून झालेला. जास्त फोन कबूल करू नकोस. मी दिवसातून दोनदा करीन म्हणाले होते. रात्रीच्या गाडीत रेंज गेली, एक फोन चुकला, आणि इकडे ह्यांनी माझ्या भावाला डोंबिवलीहून बोलावून घेतलं. तो साडेअकराला बॅग भरून आला. बॅग कशासाठी, हे त्याला अजून सांगता आलेलं नाही.